जपून फुंकलेला श्वास

माझ्या फुप्फुसांत सात गाठी होत्या. खरं तर आठ, पण ते पुढे येईलच. आज एकही नाही. शेवट आधीच सांगून टाकतो, कारण असलं काही वाचायला घेणारा माणूस बहुतेक वेळा स्वतःचा नाहीतर घरच्या कोणाचा रिपोर्ट मांडीवर घेऊन बसलेला असतो आणि ‘पुढे काय झालं’ एवढंच त्याला हवं असतं. मीही तेव्हा सगळं मागच्या पानावरून वाचायला लागलो होतो. तर शेवट चांगला आहे. मधलं मात्र सावकाश वाचा. मधे मी एक मूर्खपणा केला, आणि तो दुसऱ्या कोणी करू नये म्हणून हा खटाटोप.

मी ज्ञानदेव जाधव, निवृत्त नायब सुभेदार. मूळचा खटाव तालुक्यातला. अठराव्या वर्षी फौजेत भरती झालो, पलटणीच्या बँडमध्ये कॉर्नेट हे तुतारीसारखं पितळी वाद्य वाजवायला लागलो, आणि शेवटी बँड शिकवणारा मास्तर होऊन दिल्ली छावणीतून बाहेर पडलो. माझ्या बायकोला, इंदूला, तेव्हा गावी परतायचं होतं. पण यमुनेच्या या बाजूला रोज एक नवी सोसायटी उभी राहत होती, आमची रोहिणी इथल्याच शाळेत शिकत होती, आणि नोएडाच्या एका नव्या कोऱ्या शाळेला बँडमास्तर हवा होता. सेक्टर नवा, शाळा नवी. पोहण्याचा तलाव आहे, घोडे आहेत, मग बँड का नको, असा मालकांचा विचार. आम्ही मयूर विहारला फ्लॅट घेतला आणि राहिलो ते राहिलोच.

पुढे मला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला. फौजी इस्पितळात ऑपरेशन झालं, औषधं झाली, दोन वर्षं बरी गेली. ही गोष्ट त्यानंतरची.

रोहिणीने वाचलेला रिपोर्ट

दर सहा महिन्यांनी स्कॅन असे. त्या वेळचा स्कॅन नोएडातल्या एका मोठ्या, काचेच्या भिंतींच्या रुग्णालयात झाला. रोहिणी ऑफिसला अर्धी सुट्टी टाकून आली होती. काउंटरवर पाकीट मिळाल्याबरोबर तिने ते उघडलं. मी तिचं तोंड बघत होतो.

“पप्पा, लंग्जमध्ये काहीतरी आहे.”

“काहीतरी म्हणजे?” इंदूने विचारलं.

“छोटे छोटे नोड्यूल्स. सात.” तिने कागद पुन्हा वरपासून वाचला. मग म्हणाली, “पण छोटे आहेत, आई. बिल्कुल छोटे.”

इंदूने एकच विचारलं, “एकाच बाजूला की दोन्ही?”

“उजवीकडे चार. डावीकडे तीन.”

मला त्या क्षणी काही वाटलं नाही. लोक म्हणतात पायाखालची जमीन सरकली वगैरे. माझी जागच्या जागी होती. मी घड्याळ बघितलं आणि म्हटलं, शाळेची तालीम चार वाजता आहे, निघू या. भीती दुसऱ्या दिवशी दाढी करताना आली. गालाला साबण लावलेला, आणि हात वर जाईना. इंदू दारात येऊन उभी राहिली, मग टॉवेल घेऊन तिनेच माझं तोंड पुसलं. अर्धी दाढी तशीच राहिली.

तिथल्या सर्जननी कागदावर दोन फुप्फुसं काढून दाखवली. गाठी आतड्याच्याच रोगाच्या आहेत. कडेच्या असत्या तर चिमटीत धरून काढता आल्या असत्या. पण उजवीकडची एक खोल बसली आहे, तिच्यासाठी खालचा अख्खा खंड काढावा लागेल. डावीकडेही दोन अडचणीच्या जागी आहेत. “पहले देखते हैं आपके पास साँस कितनी है,” ते म्हणाले.

हे ऐकून मला धीर आला. श्वासाचं काय विचारता, म्हटलं. आयुष्यभर मी दुसरं केलं काय!

फुंकण्याची टेस्ट

त्या टेस्टला पीएफटी म्हणतात. खोली तळमजल्यावर होती. बाहेर बाकावर दहा-बारा माणसं खोकत बसलेली. आतल्या तंत्रज्ञाचा सकाळपासून तेच तेच बोलून घसा बसला होता. त्याने माझ्या नाकाला चिमटा लावला, हातात पुठ्ठ्याची नळी दिली आणि म्हणाला, “अंकल, लंबी साँस लो, फिर फूँको. फूँकते रहना, जब तक मैं ना बोलूँ.”

आता तुम्हीच सांगा. श्वास म्हणजे शिधा, तो पहिल्याच मुक्कामाला संपवायचा नाही, हे ज्याने वर्षानुवर्षं रंगरुटांच्या डोक्यात भरलं, त्याला कोणी ‘फूँकते रहना’ म्हटल्यावर तो काय करणार? मी पोट भरून श्वास घेतला, ओठ आवळले आणि एकसारखी, पातळ, सरळ फुंक सोडली. मनात मात्रा मोजत होतो. वीस झाल्या. पडद्यावरची रेघ हळूहळू चढत गेली, कुठे थरथर नाही.

“वाह अंकल! दो बार और.”

दुसऱ्यांदा वीस. तिसऱ्यांदाही वीस. तिन्ही रेघा एकमेकींवर अशा बसल्या की एकच वाटावी.

“इतना सेम टू सेम किसी का नहीं आता,” तंत्रज्ञ म्हणाला.

“फौजी आदमी हैं भाई,” मी म्हटलं. खोटं कशाला बोलू, मी त्या खोलीतून छाती फुगवून बाहेर आलो. इंदूला म्हटलं, गाठी असल्या तर असू देत, दम शाबूत आहे.

त्या टेस्टमध्ये काय बघतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. पहिल्या एका सेकंदात माणूस किती हवा बाहेर फेकू शकतो, हे त्यात मुख्य. पहिल्या सेकंदात मी तर जेमतेम सुरुवात करत होतो. तिन्ही वेळा तंतोतंत तेच आल्यामुळे कोणाला शंका यायचंही कारण नव्हतं. कच्चा वाजवणारा असतो तर एखादी रेघ वाकडी आली असती आणि पुन्हा फुंकायला लावलं असतं. माझ्या शिस्तीनेच माझा घात केला.

सर्जननी कागद बघितला, मग माझ्याकडे बघितलं. “सिगरेट?”

“कभी नहीं, सर.”

“बीडी? हुक्का?”

“नहीं सर.”

त्यांनी खिडकीकडे हात केला. बाहेर चार क्रेन उभ्या होत्या, नवे टॉवर चढत होते आणि सगळ्यावर पिवळट धुरळा होता. “फिर ये यहाँ की हवा है. आपके फेफड़े काफ़ी ख़राब हैं.” इतक्या कमी दमात छाती उघडता येणार नाही, खंड काढणं तर दूरच. औषधं देऊ, आणि जितकं चालेल तितकं चालू.

“कितना चलेगा?” रोहिणीने विचारलं.

“बताना मुश्किल है, बेटा.” माणूस वाईट नव्हता. कागदावर जे होतं ते तो वाचत होता.

तीन आठवडे

यानंतरचे तीन आठवडे आठवायला मला आवडत नाहीत, पण आजारपणात घरात काय होतं ते लपवून ठेवलं तर लिहिण्यात काय अर्थ?

पहिली गंमत म्हणजे मला धाप लागायला लागली. काल-परवापर्यंत मैदानाला चकरा मारणारा मी, दुधाच्या बूथपर्यंत जाऊन परत येताना दोनदा थांबू लागलो. रिपोर्टमध्ये लिहिलंय फुप्फुस खराब, म्हणजे ते खराब असणारच! शरीर इतकं आज्ञाधारक असतं हे मला माहीत नव्हतं. मी शाळेला राजीनामा पाठवला. कॉर्नेटला तेल लावून पेटीत ठेवला आणि पेटी माळ्यावर टाकली.

मग घरात भांडणं सुरू झाली. इंदूचं म्हणणं, गावी जाऊ. “आपल्या माणसांत तरी असू.”

“गावी डॉक्टर आहे का, आई?” रोहिणी म्हणायची.

“इथे डॉक्टर आहेत, पण माणसं आहेत का? समोरच्या दारात कोण राहतं त्याचं नाव तरी ठाऊक आहे का तुला?”

“हो. मिसेस शर्मा.”

“त्या गेल्या सोडून. वर्ष झालं.”

दोघी माझ्याकडे बघायच्या. मी कुशीवर वळायचो. मी आजारी होतो म्हणून गप्प होतो असं त्यांना वाटे. खरं कारण वेगळं होतं. मरायचंच आहे तर कुठे, एवढ्याच प्रश्नावर दोघी भांडतायत, मरायचं का, हे कोणीच विचारत नाही, याचा मला राग येत होता. आणि मी स्वतःही ते विचारत नव्हतो, याचा जास्त.

विचारलं शेवटी रोहिणीनेच. तिच्या ऑफिसातल्या एका मुलीच्या मामांना अशाच गाठी झाल्या होत्या आणि गुडगावला एका डॉक्टरांनी त्या लेझरने काढल्या होत्या. रोहिणीने मला न विचारता त्यांची वेळ घेतली.

“मला विचारलंस?”

“विचारलं असतं तर हो म्हटलं असतंत?”

“पुन्हा फुंकायला लावतील. पुन्हा नापास. एकदा अपमान झाला तो पुरे झाला.”

“पप्पा, यार, अपमान कसला? टेस्ट आहे ती!” आणि ती रडायलाच लागली. पंचवीस वर्षांची पोर, मोबाइलवर अमेरिकेतल्या माणसांना दटावणारी, स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून हमसून हमसून रडत होती.

तोडगा इंदूने काढला. “एकदा जाऊन येऊ. ते नाही म्हणाले तर मी सामान बांधणार, आणि मग कोणी एक शब्द बोलायचा नाही.”

आप साँस कब लेते हैं?

डॉक्टर मल्होत्रा बुटके, टकले, हसऱ्या डोळ्यांचे. परदेशात शिकून ही पद्धत घेऊन आलेले. त्यांनी स्कॅन उजेडावर लावून बराच वेळ बघितला आणि मान डोलावली. मग त्या फुंकण्याच्या रिपोर्टवर आले आणि मान थांबली. मला ते ओळखीचं झालं होतं.

“बताइए सूबेदार साहब, क्या तकलीफ़ है?”

वरिष्ठांनी विचारलं की उभं राहून रिपोर्ट द्यायचा, ही सवय कुठे जाते! मी उभा राहिलो आणि नाव, हुद्दा, पलटण, वय, आतड्याचं ऑपरेशन, औषधांचे हप्ते, स्कॅन, सात गाठी, उजवीकडे चार, डावीकडे तीन, आणि ‘अब आपके पास आए हैं, सर’ इथपर्यंत सगळं सांगितलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, “एक बार फिर बोलिए. शुरू से.”

मला वाटलं, ऐकलं नाही. मी पुन्हा तेच सांगितलं. या वेळी त्यांची नजर मनगटावरच्या घड्याळावर होती.

“आप साँस कब लेते हैं?”

“जब ज़रूरत हो, सर.”

“इस काग़ज़ वाला आदमी इतना बोलने में तीन बार रुकता.” त्यांनी कागद बोटाने माझ्याकडे सरकवला. “फौज में करते क्या थे?”

“बैंड में था, सर. कॉर्नेट.”

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि शेजारच्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, “लीलाम्मा सिस्टर! ज़रा मशीन चालू कीजिए.”

लीलाम्मा सिस्टर पन्नाशीच्या, केरळच्या. त्यांनी माझी एक फुंक बघितली आणि कपाळावर हात मारला. “अय्यो! ये क्या कर रहे हो? मोमबत्ती बुझाओ, बाँसुरी मत बजाओ!”

आता मला कळलं होतं काय करायचं ते. पण करता येईना. ओठ आपोआप आवळत होते, पोट आपोआप हवा धरून ठेवत होतं. तीस वर्षांची सवय एका सेकंदात मोडायची म्हणजे मिठीतलं लेकरू फेकून देण्यासारखं. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा जरा बरं, पण पुरेसं नाही. एवढं जवळ येऊन मी पुन्हा माझ्याच ओठांपुढे हरणार होतो. बारा-पंधरा सेकंदांच्या त्या फुंकेवर माझं ऑपरेशन अडकलं होतं आणि ऑपरेशनवर मी.

कोपऱ्यातून इंदू म्हणाली, “अहो, ग्राउंडवर ओरडता तसं ओरडा की त्यात!”

ग्राउंडवर मी हुकूम द्यायचो, ‘परेड, सावधान!’ त्यातला ‘परेड’ लांबवायचा असतो, आणि ‘सावधान’ असा फेकायचा की शेवटच्या ओळीतल्या माणसाची टाच आपटली पाहिजे. छावणीत चार गल्ल्या पलीकडून तिला तो ऐकू यायचा आणि ती भाकरी टाकायला घ्यायची. मी डोळे मिटले. मनात ‘परेड’ म्हटलं, लांबवलं, आणि पुढचा हुकूम नळीत फेकला.

“अय्यो!” लीलाम्मा सिस्टर या वेळी वेगळ्या आवाजात म्हणाल्या. रेघ सरळ वर गेली होती. आणखी दोनदा करून घेतलं. माझ्या वयाच्या माणसाचा असायला हवा त्याहून दम थोडा जास्तच निघाला.

रोहिणी हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. डॉक्टर दारात उभे होते. “सूबेदार साहब,” ते म्हणाले, “अगली बार कोई टेस्ट हो, तो पहले अपना काम बताइएगा.”

हीच ती गोष्ट, जी मला तुम्हाला सांगायची होती. तुम्ही शंख फुंकत असाल, बासरी वाजवत असाल, काच फुंकत असाल, गात असाल, ते टेस्ट घेणाऱ्याला आधी सांगा. आणि टेस्ट कशाची आहे ते विचारा. विचारण्यात कमीपणा नसतो, हे मला छप्पन्नाव्या वर्षी कळलं.

खाली आलो तेव्हा गाडीतळ बराच लांब होता. मी कुठेही न थांबता चालत गेलो. तीन आठवड्यांची धाप त्या खुर्चीतच राहिली.

लेझर म्हणजे काय

मी डॉक्टर नाही, त्यामुळे मला समजलं तेवढंच सांगतो. छाती उघडावी लागतेच. लेझर म्हटलं की लोकांना वाटतं बाहेरून प्रकाश टाकतात आणि काम झालं, तसं नाही. आत गेल्यावर डॉक्टर बोटांनी फुप्फुस चाचपतात, गाठ सापडली की लेझरच्या किरणाने तिच्याभोवती कापत जाऊन तेवढीच बाहेर काढतात. किरण कापतो आणि कापलेली जागा तिथल्या तिथे बऱ्यापैकी बंदही करतो, म्हणून रक्त आणि हवा कमी गळते. खोल गाठीसाठी अख्खा खंड द्यावा लागत नाही.

इंदूला हे हिंदीत सांगून झालं तेव्हा ती माझ्याकडे वळून म्हणाली, “म्हणजे बटाट्याचे डोळे काढतात तसं. अर्धा बटाटा कापून टाकायचा नाही.”

रोहिणीने डॉक्टरांना ते हिंदीतून सांगितलं. त्यांना इतकं आवडलं की पुढे राउंडला येताना ते ‘आलू कैसा है?’ असंच विचारायचे.

पण त्यांनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली आणि तीही मी लपवत नाही. ही जादू नव्हे. सगळ्यांना चालते असं नाही. गाठी किती, कुठे, मूळ रोग आटोक्यात आहे का, हे बघावं लागतं. आणि ज्याला सात झाल्या त्याला पुढे आणखी होऊ शकतात. “इसीलिए तो बचाते हैं,” ते म्हणाले. “आज जो छोड़ेंगे, वो कल काम आएगा.”

बाटली घेऊन फिरणं

आधी उजवी बाजू, मग पाच आठवड्यांनी डावी, असं ठरलं.

पहिल्या ऑपरेशनच्या सकाळी इंदूने माझ्या कपाळाला खंडोबाचा भंडारा लावला. ऑपरेशन थिएटरच्या दारातल्या नर्सने तो पुसायला कापूस घेतला, मग इंदूचं तोंड बघितलं आणि म्हणाली, “आंटी, माथे का पोंछना पड़ेगा, पैर पे लगा दीजिए, वहाँ कुछ नहीं करना है.” इंदूने माझ्या दोन्ही पायांच्या अंगठ्यांना भंडारा लावला. देवाला पायावर घेतलं म्हणून मी मनातल्या मनात माफी मागितली. पण फार बरं वाटलं. त्या नर्सचं नाव मी विचारायला हवं होतं.

जाग आली तेव्हा पहिली जाणीव दुखण्याची नव्हती, नळीची होती. बरगड्यांमधून एक जाड नळी बाहेर येते आणि पलंगाखालच्या पाण्याच्या बाटलीत जाते. खोकलं की बाटलीत बुडबुडे. बुडबुडे म्हणजे फुप्फुसातून अजून हवा गळतेय. ते थांबले की नळी निघते. मग काय, आमचं सगळं कुटुंब बाटलीवर नजर ठेवून. रोहिणी ऑफिसातून फोन करून “पप्पा, कसं वाटतंय?” विचारायची नाही, थेट विचारायची, “बबल्स?”

दुखतं. दुखत नाही असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची, शिंक आली तर देवाचं नाव घ्यायचं, आणि हसवणाऱ्या पाहुण्यांना लवकर घरी पाठवायचं. पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला उभं केलं. एका हातात बाटली आणि दुसऱ्या हाताला इंदू, असे आम्ही कॉरिडॉरमध्ये चालायचो. फिजिओथेरपीच्या बाई तीन गोळ्यांचं एक प्लॅस्टिकचं खेळणं घेऊन आल्या. श्वास आत ओढून गोळ्या वर उचलायच्या. इथे मात्र हळू आणि एकसारखं हवं होतं! मी तिन्ही गोळ्या वर धरून ठेवल्या. बाई दुसऱ्या खोल्यांतल्या पेशंटना माझ्याकडे बघायला आणू लागल्या, आणि इंदू म्हणाली, आता झालं, आता हे घरी यायचे नाहीत.

चौथ्या दिवशी बुडबुडे थांबले. पाचव्या दिवशी नळी निघाली.

दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी मला जास्त भीती वाटली. पहिल्या वेळी काय होणार ते माहीत नव्हतं, या वेळी सगळं माहीत होतं. स्ट्रेचरवर मी रोहिणीचा हात सोडेना. शेवटी तीच म्हणाली, “पप्पा, चलो ना, ते लोक थांबलेत,” आणि स्ट्रेचरबरोबर दारापर्यंत चालत आली.

त्या दिवशी डॉक्टरांच्या बोटांना डावीकडे तीनऐवजी चार गाठी लागल्या. चौथी मोहरीएवढी, स्कॅनमध्ये दिसलीच नव्हती. तीही काढली. संध्याकाळी त्यांनी इंदूला सांगितलं, दोन्ही बाजूंचं मिळून जे काही काढलं ते एका वाटीत मावेल. आधीच्या पद्धतीने गेलो असतो, तर उजव्या फुप्फुसाचाच जवळजवळ अर्धा भाग गेला असता.

“वाटी म्हणजे कोणती?” इंदूने मला नंतर विचारलं. “आमटीची की चटणीची?”

मी म्हटलं, चटणीची. मला माहीत नव्हतं. पण तिला चटणीची हवी होती.

राजीव चौक

घरी आल्यावर इंदूचं वागणं बदललं ते बरेच दिवस माझ्या लक्षात आलं नाही. ती मूळची तुरुतुरु चालणारी. छावणीत असताना बाजारात मी नेहमी तिच्या चार पावलं मागे. आता ती माझ्या अर्धं पाऊल मागे चालायची. मी थांबलो की थांबायची. जरा जोरात श्वास घेतला की तिचं बोलणं वाक्याच्या मध्येच तुटायचं आणि ती माझ्या छातीकडे बघायची. ती सोसायटीच्या बागेत असो की लग्नाच्या मांडवात, एक कान माझ्या श्वासाला लावलेलाच. मी चिडायचो. मग चिडल्याबद्दल वाईट वाटायचं. मला बरं केलं होतं, पण तिला कोणी सांगितलं नव्हतं की आता तुझी ड्यूटी संपली.

दुसऱ्या ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी स्कॅन झाला. गुडगावला डॉक्टरांनी तो उजेडावर लावला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, “साफ़ है.” पुढच्या स्कॅनची तारीख दिली. पुढे तपासणी चालूच राहील, काहीही होऊ शकतं, हे सगळं त्यांनी सांगितलं आणि आम्ही ऐकलं. तरी बाहेर पडताना इंदूने दारातल्या रखवालदारालाही नमस्कार केला.

आम्ही मेट्रोने परत निघालो. राजीव चौकला गाडी बदलायची असते. गुडगावहून येणारी गाडी खाली लागते आणि नोएडाकडची वरच्या फलाटावर. सरकत्या जिन्यापाशी ही भली मोठी रांग. इंदू बोलत होती. रोहिणीसाठी आलेल्या एका स्थळाबद्दल, मुलगा पुण्याचा, पण दिल्लीत यायला तयार आहे, आई जरा आगाऊ वाटते. तेवढ्यात वर गाडी आल्याचा आवाज झाला. इंदूने पदर खोचला, रांग सोडली आणि शेजारच्या साध्या जिन्याने भराभर चढायला लागली. “चला, चला, लवकर! ही गेली तर पुढच्या गाडीला उभं राहावं लागेल!”

तिने मागे बघितलं नाही.

मी मागून धावलो. एक एक पायरी, मग दोन दोन. वर पोहोचलो तेव्हा ती डब्यात शिरून दाराशी उभी राहिली होती, हात हलवत होती. मी आत उडी मारली आणि दार बंद झालं. तिला एक जागा मिळाली, मी समोरच्या दांड्याला धरून उभा राहिलो. धाप लागली होती. चांगली, मोकळी धाप, धावणाऱ्या कोणालाही लागेल तशी.

“तर ती त्याची आई फोनवर काय म्हणाली माहीत आहे—” इंदू म्हणाली, आणि थांबली. माझ्या छातीकडे बघितलं. मग माझ्या तोंडाकडे. तिचा चेहरा पांढरा पडला आणि तिने तोंडावर हात ठेवला.

“अहो,” ती म्हणाली, “मी विसरलेच.”

“काय?”

“तुमचं आजारपण.”

डब्यात माणसं होती, नाहीतर मी तिथेच रडलो असतो. सगळे स्कॅन, सगळे कागद एकीकडे; मी बरा झालो हे मला त्या डब्यात कळलं. मी वाकून तिच्या कानाशी म्हटलं, “असंच विसरत जा.”